खुंटीवरचा हात

गडहिंग्लजच्या संगीत मंडळात यंदा पाहुणे गवई होते त्र्यंबकबुवा. शाल जरीची, मिजास तिच्याहून भारी. सूर घसरला की खापर तानपुऱ्यावर! तो धरला होता गावात गाणं शिकवणाऱ्या द्वारकाताईंनी, आणि समोर त्यांच्याच विद्यार्थिनी बसलेल्या.

तिसऱ्यांदा गाणं थांबवून बुवा माइकवरच गरजले, “बाई, तानपुरा पुन्हा उतरलाय. कान आहेत की नाहीत?”

ताईंनी पुन्हा खुंटीला हात घातला, तारा छेडल्या. बुवांनी खाकरून सा लावला. “हां! आता कसा सुरात आला! शिका जरा.”

ताई माइककडे वाकल्या. “बुवा, तिन्ही वेळा मी खुंटीवर नुसता हात ठेवला, फिरवली नाही. तुम्ही सुरात यायची वाट मी बघत होते.”