नऊ नंबरची कॅसेट

“...आणि दर वेळी ही हार्ड डिस्कच का सुटते, बुवा? बाकी सगळं व्यवस्थित चालतं. हीच मेली नाटकं करते.”

मठ सांभाळणारे केरबाबुवा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब कारखानीस पुण्याहून आला, त्याला आज चौथा दिवस. चिखलगुंडीच्या टेकडीवरच्या या मठात थोरल्या बुवांच्या प्रवचनांच्या नऊ कॅसेटी पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. थोरले बुवा जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. त्यांचा आवाज लॅपटॉपवर उतरवून देतो, दोन दिवसांचं तर काम, असं हेरंबनं फोनवर छातीठोक सांगितलं होतं.

सहा उतरल्या. सातवी आणि आठवी गेली.

प्रवचन ऐन रंगात आलं की डिस्क टक्कन वाजायची आणि लॅपटॉपवरून नाहीशी व्हायची. रेकॉर्डिंग तिथंच संपायचं. कॅसेट मागं नेऊन पुन्हा लावली, की जुनी फीत तुटायची. चिकटवायला गेला तर हातात तुकडेच आले.

आता उरली होती नऊ नंबरची. ती एकदा वाजेल, दुसऱ्यांदा नाही, हे तिच्याकडे पाहूनच कळत होतं.

आणि हेरंबला नेमकी तीच हवी होती. गावातली जुनी माणसं सांगत, तिच्यात कुणीतरी थोरल्या बुवांना विचारलंय, ‘आधी काय सोडू?’ उत्तर काय मिळालं ते कुणालाच धड आठवत नव्हतं. हेरंबला नोकरी होती, शनिवार-रविवारचे क्लास होते, एका संस्थेचं सचिवपद होतं, स्वतःचं चॅनेल होतं आणि गेल्या वर्षापासून छातीत धडधड होती. ते उत्तर त्याला मठासाठी नको होतं, स्वतःसाठी हवं होतं. हे मात्र त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

“सगळ्या वायरी एकत्र जोडायला काल मोठा हब आणला,” तो म्हणाला. “आधीचा चार तोंडांचा होता. हा सात तोंडांचा आहे.”

“बरं केलंस. मग भागलं?”

“नाही ना.”

“तोंडं वाढली, तरी न्हाई भागलं?”

हेरंबनं हबमधल्या वायरी पुन्हा घट्ट दाबून पाहिल्या.

टेकडीवर नव्यानं येणाऱ्यांना वाटे, केरबाबुवा हिमालयात तप करून आले असणार. बुवांनी हिमालय फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. बत्तीस वर्षं ते पाच गावांचे वायरमन होते आणि त्यांचं जे काही तप झालं ते विजेच्या खांबावर. हेरंबला हे ठाऊक होतं. पण खांबावरच्या माणसाला लॅपटॉपमधलं काय कळणार, असंही त्याला मनातून वाटे. खोटं कशाला बोला, यूएसबी म्हणजे काय ते त्यानं पहिल्याच दिवशी बुवांना लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं होतं. बुवांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

“बिघडायच्या आधी ते यंत्र काय बोलत न्हाई व्हय?” बुवांनी विचारलं.

“एक चौकट येते. ‘या पोर्टवर भार जास्त झाला आहे’ म्हणून.”

“मग तू काय करतोस?”

“बंद करतो ती. कामाच्या मध्ये येते.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली आणि दाणे हेरंबच्या तळहातावर ठेवले...

“आमच्याकडं तक्रार आली,” ते म्हणाले, “की बाकीचे वायरमन डीपीपाशी, ट्रान्सफॉर्मरकडं जायाचे. मी आधी लाइनीच्या शेवटच्या घरी जायाचो. च्या घ्यायचो. बल्ब बघायचो.”

“तिथं काय असायचं?”

“शेवटच्या घरचाच बल्ब मिणमिणतो. म्हणून तेच घर भांडायला येतं. म्हणून समद्यांना वाटतं, ह्याच घरात कायतरी खोट हाय.”

हेरंबनं डिस्ककडं पाहिलं. चार दिवस तो तिला शिव्या घालत होता.

“म्हणजे डिस्क चांगली आहे?”

“उपाशी हाय.”

“पण चार्जर लावलाय की, बुवा. लॅपटॉपला विजेची काही कमी नाही.”

“हंडा भरून आमटी असंल. वाढायची पळी एकच हाय न्हवं?” बुवांनी हबच्या एकुलत्या एक वायरीकडं बोट केलं. “समद्यांचं हिच्यातनंच येतंय.”

हेरंबनं हबवर हात ठेवला. तो चांगलाच तापला होता. पोर्टातून ठरावीक वीजच मिळते आणि बिनअडॅप्टरचा हब तीच वाटून देतो, हे त्याला कॉलेजपासून पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट वेळेला आठवतेच असं नाही.

बुवा उठले, उपरण्याला हात पुसले आणि हबसमोर मांडी घालून बसले.

“ही कशाची?”

“दिव्याची.”

सकाळचे अकरा वाजले होते. ओसरीवर लख्ख ऊन होतं. बुवा नुसते त्या उन्हाकडं बघत राहिले. हेरंबनं दिव्याची वायर काढली.

“ही?”

“छोटा पंखा आहे...”

टेकडीवरचं वारं त्याच्या वहीची पानं उडवत होतं. पंख्याची वायरही निघाली.

“हितं काय चाललंय?”

“मोबाईल चार्ज होतोय.”

“किती झाला?”

“शंभर टक्के.”

“मग जेवण झाल्यावर पानावर कशाला बसलाय त्यो?”

हेरंबला हसू आलं. मोबाईल निघाला.

“हा माउस,” तो आपणहून म्हणाला. “याला फारसं काही लागत नाही. काढू?”

“असू दे की. किरकोळाशी आपलं भांडण न्हाई.” बुवा पुढं सरकले. “ह्यो डोळा कुणाकडं बघतोय?”

“माझ्याकडं.” हेरंबचा आवाज जरा खाली आला. “मी हे काम करतोय, त्याचं शूटिंग... चॅनेलसाठी.”

बुवा त्या डोळ्यासमोरून जरा बाजूला सरकले.

कॅमेऱ्याची वायर काढायला हेरंबला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

“आता डिस्क आणि हा यूएसबीवर चालणारा कॅसेट प्लेअर, दोघंच मोठे राहिले,” तो म्हणाला. “आता बहुतेक चालेल.”

“बहुतेक?”

हेरंबनं डब्यातल्या नऊ नंबरच्या कॅसेटकडं पाहिलं. बुवांनी स्वतःच्या हातानं प्लेअरची वायर काढली.

“अहो, मग कॅसेट वाजवू कशावर?”

“दम खा. आधी सांग, घरात जागा न्हाई व्हय? म्हणून भाईर डिस्कवर उतरवतोस?”

“लॅपटॉप भरलाय.”

“कशानं?”

“माझ्या व्हिडिओंनी,” हेरंब म्हणाला, आणि त्याला खरोखर लाज वाटली.

“मग ते सामान डिस्कवर टाक. आता ती एकटीच हाय, पोटभर मिळंल तिला. घर रिकामं झालं की तिला काढ आणि टेप लाव. पाळीनं.”

“पाळीनं करायचं म्हणजे दोन तास जातील, बुवा.”

“चार दिस गेलेच की.”

हेरंबनं डिस्क एकटी लावली. ती नुसती बारीक घुमत राहिली. एकदासुद्धा टक्कन वाजली नाही, चौकट आली नाही. व्हिडिओ एकेक करून तिकडं जात होते आणि करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. मग दोघं जेवले. झुणका होता, भाकरी होती, ताक होतं. बुवांनी खांबाला टेकून डुलकी काढली. हेरंब भिंतीला पाठ लावून बसला. किती तरी दिवसांनी त्याला जेवल्यासारखं वाटत होतं.

दुपारी त्यानं डिस्क काढून ठेवली, प्लेअर जोडला, नऊ नंबरची आत घातली आणि श्वास धरून बटण दाबलं.

आधी खरखर. मग थोरल्या बुवांचा जाड, खोकल्यानं भरलेला आवाज ओसरीवर आला. केरबाबुवांनी डोळे मिटून हात जोडले.

अठ्ठावीस मिनिटं तो आवाज बोलत राहिला, कुठं अडला नाही, तुटला नाही. मग एक तरणा, घाईघाईचा आवाज मध्ये पडला.

“बुवा, नोकरी हाय, संसार हाय, भजन हाय, तालीम हाय, गावकी हाय. समदं एकट्या जिवावर चाललंय. मी आधी काय सोडू?”

थोरले बुवा हसले. चांगले मनमोकळे हसले.

“हे बघ...” ते म्हणाले, आणि आवाज एकाएकी चिरका झाला आणि बंद पडला.

गेली. हीसुद्धा गेली.

पण लॅपटॉपवरची रेघ पुढं सरकत होती. सेकंद मोजले जात होते. कॅसेटची चाकं शांतपणे फिरत होती. फीत शाबूत होती, रेकॉर्डिंग चालू होतं, फक्त कॅसेटमध्येच पुढं काही नव्हतं. तो पार शेवटपर्यंत थांबला. नुसती खरखर.

“पूर्ण उतरली, बुवा. एक सेकंदसुद्धा सुटला नाही,” तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. “पण उत्तरच नाही हो यात. असं मध्येच कसं थांबलं?”

“लाइट गेली. टेप लाइटीवर होता.”

“तुम्हांला कसं माहीत?”

“विचारणारा मीच न्हवं का.”

हेरंब त्यांच्याकडं पाहतच राहिला. तो घाईघाईचा आवाज आणि समोर बसलेला हा माणूस, यांचा मेळ त्याला बसेना.

“चार दिवसांत बोलला नाहीत...”

“तू कुठं इचारलंस?”

हेरंबनं प्लेअर बंद केला. त्याला राग आला नव्हता, उलट आतून सैल वाटत होतं. तरी मनात राहिलेलं तोंडी आलंच.

“मग तुमचं उत्तर राहूनच गेलं म्हणायचं.”

“ऱ्हाईलं कुठं? दिलं की. लाइट गेल्यावर.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले काय न्हाईत... सारा गाव अंधारात, वायरमन मी. लाइन जोडाय म्हणून उठलो, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं. आधी सुटली ती माझी घाईच.”