रांजणातले उमेदवार

फार पूर्वी एका तळ्याच्या अलीकडच्या काठावर एक गाव होतं आणि त्या गावात एक कुंभारीण राहत होती. हाताने गुणी, तोंडाने फटकळ. गावावर चिडण्यात तिचा अर्धा दिवस जाई, आणि गाव असं होतं की उरलेला अर्धाही जावा.

तळ्याच्या पलीकडे पैलगाव. तळं दोघांत एक, पाणी सोडायची मोरी एक आणि मोरीच्या कुलपाची किल्लीही एकच. दर काही वर्षांनी दोन्ही गावं तळ्याच्या बांधावर जमत आणि किल्ली कोणाकडे राहावी ते ठरवत. प्रत्येक गावाने आपला एक माणूस उभा करायचा. ज्याच्या मागे जास्त माणसं उभी राहतील, त्याच्या कमरेला किल्ली. अलीकडचं गाव पैलगावापेक्षा मोठं, म्हणजे किल्ली डोळे मिटून आपली. पण कोणाला उभं करायचं हे आधी गावातल्या गावात ठरवावं लागे, आणि घोडं पेंड खाई ते तिथेच.

गावात वरच्या अंगाला माडीआळी होती, खालच्या अंगाला कुडाची आळी. कुंभारीण या कुडाच्या आळीतली. माडीआळीत भात शिजे, कुडाच्या आळीत नाचणीची भाकरी. निवडीची रीत जुन्या माणसांनी मोठी छान घालून दिली होती. देवळापुढे प्रत्येक उमेदवाराच्या नावाचं एक मडकं ठेवायचं. प्रत्येकाने घरातलं मूठभर धान्य आणायचं आणि जो पटेल त्याच्या मडक्यात टाकायचं. ज्याचं मडकं जास्त भरेल तो गावाचा. मग दोन्ही मडक्यांतलं धान्य एका हंड्यात शिजवून सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं, की भांडण संपलं.

रीत छान, पण माणसं बिनडोक! दर खेपेला एक मडकं पांढऱ्याशुभ्र तांदळाने भरे आणि दुसरं तांबड्या नाचणीने. एकात दुसऱ्याचा दाणा शोधून सापडत नसे. आणि पंगत? ती तर कधीच मोडली होती. "त्यांच्या नाचणीने आमच्या भाताचा रंग जातो," माडीआळी म्हणे. "त्यांच्या भाताने आमचं पोट भरत नाही," कुडाची आळी म्हणे. दोघांचे हंडे वेगळे, धूर मात्र एकाच देवळाच्या डोळ्यांत.

मागल्या खेपेला तर कहरच झाला. कुडाच्या आळीतला एक कोळी उभा होता. तळ्यावर जन्म गेलेला, शांत डोक्याचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कुडाच्या आळीत माणसं जास्त, त्यामुळे त्याचं मडकं भरलं. पण बांधावर जायच्या दिवशी माडीआळीत एकेकाच्या पोटात दुखायला लागलं. "जो आमच्या ओटीखाली उभा राहून बोलतो, त्याच्यामागे आम्ही उभं राहायचं?" असं म्हणून सगळी आळी दारं लावून बसली. किल्ली गेली पैलगावाला.

तेव्हापासून मोरी आधी पैलगावासाठी उघडे आणि उरलंसुरलं पाणी इकडे येई. कुंभारणीवर तर याहून मोठं संकट होतं. तिची माती तळ्याच्या काठची. पैलगाववाले उघड म्हणू लागले होते, "या खेपेलाही किल्ली आमची झाली की काठ नांगरून कलिंगडं लावणार. माती काढणं बंद." माती बंद म्हणजे चाक बंद. चाक बंद म्हणजे तिची आणि तिच्या आंधळ्या सासूची चूल बंद.

"नाकाने कांदे सोलतात मेले माडीवाले!" ती चिखल मळता मळता सासूला म्हणे. "माणूस काय बोलतो ते ऐकायचं सोडून कोणाच्या ओटीवर बसतो ते बघत बसतात."

"राग चिखलावर काढ," सासू म्हणे. "निदान तो मळून तरी निघेल."

पुन्हा निवड आली. माडीआळीने एक रेशमी पागोटेवाला उभा केला, कुडाच्या आळीने एक पैलवान. कुंभारणीने थेट पंचांना गाठलं.

"या खेपेला तोंडं बघायची नाहीत," ती म्हणाली. "माझ्याकडे दोन मोठे रांजण आहेत. दोघांना एकेकात बसवा, पुढे गोणपाट टांगा आणि आतूनच बोलू द्या. रांजणात सगळ्यांचा आवाज सारखाच घुमतो. जो पटेल त्याच्या मडक्यात धान्य पडू दे. मग काढा गोणपाट."

पंचही मागच्या हारीने पोळलेले होते. ते कबूल झाले. निवडीच्या दिवशी गाव जमायच्या आधीच दोघांना रांजणात बसवलं. पैलवानाला आत घालताना पंचांना घाम फुटला.

गाव आलं. मुठी मिटून, कान टवकारून उभं राहिलं.

पहिला रांजण घुमला. "उन्हाळ्याच्या आधी आपण तळ्यातला गाळ काढू. मोरी उघडली की पाणी आधी शेवटच्या शेताला जाईल, मग मधल्यांना आणि मोरीजवळच्या शेताला सगळ्यांच्या शेवटी. पैलगावाशी भांडायचं नाही. एक दिवस त्यांचा, एक दिवस आपला. काठची माती ज्याला लागते त्याने न्यावी."

लोक माना डोलवू लागले. माडीवाले डोलले, कुडवालेही डोलले. कुंभारीण तर सासूचा हात दाबून म्हणाली, "ऐकलंत? माती!"

मग दुसरा रांजण घुमला. "आपलं गाव वाघ आहे वाघ! पैलगाववाल्यांना बांधावरून तळ्यात लोटू!" एवढंच त्याने तीन-चार प्रकारे सांगितलं. लोक हसले.

"सूनबाई, मला पहिल्याच्या मडक्यापाशी ने," सासू म्हणाली. "माणूस शहाणा दिसतोय."

सगळं गावच पहिल्या मडक्याकडे निघालं. कुंभारणीच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतक्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "अहो, पण हा आहे कोणाचा?"

झालं! गाव जागच्या जागी थांबलं. जे एवढा वेळ डोलत होते, ते एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. "हो, हो, आधी बाहेर तर काढा! न बघता कसं टाकायचं?" दोन्ही आळ्यांचं एवढ्या एका गोष्टीवर मात्र झटकन एकमत झालं. कुंभारीण ओरडली, "अरे, पटलं ना तुम्हांला? मग बघायचंय काय?" पण पालथ्या घड्यावर पाणी. पंच घाबरट. त्यांनी गोणपाट ओढलं.

पहिल्या रांजणातून वर आलं रेशमी पागोटं. मोरीजवळचं शेत त्याचंच होतं, म्हणजे स्वतःचं पाणी शेवटी घ्यायला तो तयार होता. पण ते आता कोणाच्या डोक्यात येणार? "हा तर माडीवाला!" म्हणत कुडाच्या आळीने मुठी मागे घेतल्या. दुसऱ्या रांजणात पैलवान अडकून बसला होता. रांजण फोडून त्याला काढावं लागलं, आणि आळीने त्यालाच खांद्यावर घेतलं.

कुंभारीण पहिल्या मडक्यापाशी पोचली होती. तिने पागोट्याकडे पाहिलं. याच माणसाने एकदा तिला अंगणातच थांबवलं होतं. "ओटीवर चढू नकोस, तिथूनच दाखव मडकी," असं म्हणाला होता. तिची मूठ आपोआप मिटली. ती वळली आणि तिने आपली नाचणी पैलवानाच्या मडक्यात टाकली. सासूचा हात धरला आणि तिची मूठही त्याच मडक्यावर नेऊन मोकळी केली.

"पहिल्याचंच ना गं हे?" सासूने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

एक मडकं तांबडं भरलं, एक पांढरं. पैलवान निवडला गेला. बांधावर जायच्या दिवशी माडीआळीत कोणाकडे पूजा निघाली, कोणाची गाय व्यायला आली, कोणाचा पाय मुरगळला. पैलवानाच्या मागे अर्धंच गाव उभं राहिलं आणि किल्ली पुन्हा पैलगावाला गेली.

त्या उन्हाळ्यात माडीआळीच्या केळी वाळल्या आणि कुडाच्या आळीची वांगी वाळली. पाण्याने दोघांना सारखंच वागवलं. काठावर पैलगावची कलिंगडं पसरली. कुंभारणीचं चाक थांबलं. ती दारात बसून दिवसभर माडीवाल्यांना, पंचांना, पैलवानाला, सगळ्यांना शिव्या घाली.

एके दिवशी सासूने विचारलं, "तो रांजणातला शहाणा कसा गं हरला? आपल्या आळीतल्या कोणीच त्याला धान्य टाकलं नाही?"

"कोणीच नाही," कुंभारीण तणतणली. "एकानेसुद्धा नाही. असली ही माणसं!"

"एक मूठ तरी होती," सासू समाधानाने म्हणाली. "माझी."

कुंभारणीने थांबलेल्या चाकाकडे पाहिलं. गावाला आणखी एक शिवी द्यायला तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

तात्पर्य: पटलेला शब्द कोणत्या आळीतून आला हे विचारून जो मूठ मिटतो, तो आपलंच पाणी तोडतो. आणि हे तात्पर्य दुसऱ्याला ऐकवण्याआधी प्रत्येकाने आपली मूठ एकदा उघडून बघावी.