मागे बसणारा सनईवाला

तुमच्या-आमच्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि दिवसभर राबून टेकलेल्या मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी देवीचे देऊळ होते. तिथे उत्सवाला सनई वाजे. सनईवाले दोघे असत. पुढे बसे तो गाणे वाजवी. मागे बसे तो नुसता एक सूर धरी. तो सूर तुटू द्यायचा नसे. नाकाने श्वास घ्यायचा, गालांत साठवायचा आणि तोंडाने फुंकत राहायचे. पुढच्याने सनई खाली ठेवली की मगच मागच्याने ठेवायची. त्याने आधी थांबायचे नाही, असा तिथला नियमच होता.

पुढे एक वृद्ध गुरू बसत. सगळे त्यांना आबा म्हणत. मागे त्यांचा शिष्य बसे. तो आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होते. आता त्याच्या कानशिलांवरचे केस पिकले होते, तरी तो मागेच होता. उत्सव संपला की त्याचे गाल दुखत, जबडा आखडे, घास चावताना डोळ्यांत पाणी येई. लोक आबांच्या पाया पडत आणि त्याला ओलांडून जात.

संबळ वाजवणारा त्याचा मित्र होता. शिष्य मागे भिंतीसारखा बसून राही म्हणून तो त्याला चिडवी, "काय भिंतोबा, दमलात का?"

शिष्य म्हणे, "भिंत कधी दमते का रे?" आणि हसे. पण घरी जाऊन तो बायकोला म्हणे, "मलाही गाणं येतं. रानात जाऊन वाजवतो मी. पण दगडांपुढं वाजवून काय उपयोग?"

बायको म्हणे, "आधी भाकरी खा. कुस्करून देऊ का?"

अशी वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात आबांचे पुढचे दात हलले आणि पडले. सनईतून गाण्याऐवजी वारा यायला लागला. शेजारच्या गावचे सनईवाले टपलेलेच होते. गावच्या पंचांनी सांगितले, "आबा, यंदा नीट वाजलं तर सनईचा मान तुमच्याकडेच राहील. नाहीतर त्यांना बोलवावं लागेल."

आबांनी शिष्याला बोलावले. म्हणाले, "लेका, यंदा तू पुढं बस."

शिष्याने विचारले, "आणि मागं कोण?"

"मी बसतो. दुसरं आहेच कोण? एक सूर धरायला दात कशाला लागतात? ओठ आहेत की अजून." आबांनी हिरड्यांवरून जीभ फिरवली. "पण दोन चिजा वाजव आणि थांब. माझ्याच्यानं तेवढंच निभेल."

"दोनच, आबा. तुमची शपथ."

उत्सवाचा दिवस आला. ऊन कलले. देवळापुढे माणूस मावेना. शिष्य आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसला. आजवर त्याने आबांची पाठच पाहिली होती. आता समोर सगळे चेहरे होते आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. बोटे सनईच्या भोकांवर बसेनात. पहिली फुंक मारली ती शेळी ओरडावी तशी निघाली.

"अगं बाई, देवीच्या दारात शेळी कुणी बांधली?" एक कासारीण म्हणाली. लोक हसले.

शिष्याला वाटले, उठावे आणि पळून जावे. पण तेवढ्यात त्याला मागचा सूर ऐकू आला. तो हलला नव्हता. पाण्यात पाय ठेवताना खाली खडक लागावा तसा तो लागला. शिष्याने डोळे मिटले, त्या सुरावर आपला सूर ठेवला आणि मग तो वाजवू लागला.

काय वाजवले त्याने! वर्षानुवर्षे पोटात राहिलेले सगळे बाहेर आले. कासारीण बांगड्या भरायची थांबली. पंचांनी माना डोलावल्या. पहिली चीज झाली, दुसरी झाली. लोक ओरडले, "आणखी! थांबू नका!"

असे त्याला आजवर कुणी म्हटले नव्हते. त्याने तिसरी सुरू केली.

संबळवाल्याने त्याला डोळ्यांनी खुणावले, मागे बघ. शिष्याला वाटले, याचे हात भरून आले असतील. त्याने मान फिरवली नाही. तिसरीतून तो चौथीत शिरला. मागचा सूर आता थरथरत होता, पण शिष्याला आपल्या गाण्यापुढे तो ऐकूच आला नाही. एवढी वर्षे त्याने स्वतः तो सूर धरला होता. सूर कधी थरथरतो, ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

आणि मग सूर तुटला.

शिष्य तान घेत वर गेला होता. उतरायला लागला तर खाली काहीच नव्हते. कुठे यायचे ते त्याला कळेना. चाचपडत तो दोन-तीन ठिकाणी उतरला, सगळी चुकीची. लोक एकमेकांकडे बघू लागले. त्याने सनई ओठांवरून काढली आणि तो मागे वळला.

आबा खांबाला टेकले होते. सनई मांडीवर पडली होती. ओठ फुटून हनुवटीवर रक्त आले होते. छाती भात्यासारखी हलत होती.

शिष्याने त्यांचे पाय धरले. "आबा, थांबवायचं नाही का मला?"

"मागच्यानं आधी थांबायचं नसतं रे," आबा म्हणाले. "छान वाजवलंस. मीच पुरलो नाही."

आबांनी पुन्हा कधी सनई ओठाला लावली नाही. पंच म्हणाले, "हात चांगला आहे याचा. मान यालाच राहू द्या." शिष्याला हवे ते मिळाले. पण सूर धरायला माणूस मिळेना. तो दारोदार फिरला. लोक बसायला पाट देत, पाणी देत आणि म्हणत, "तुमच्या मागं? नको बाबा. आम्ही पाहिलंय." संबळवाला म्हणाला, "मित्रा, मी तुला चिडवायचो. तू तर म्हाताऱ्याला खरंच भिंत समजलास."

सुराविना सनई वाजत नाही. पुढच्या उत्सवाला शेजारच्या गावची जोडी आली.

शिष्य आबांना हाताला धरून देवळात घेऊन आला आणि गर्दीत खाली बसला. तो फार थकलेला दिसत होता. सनई सुरू झाली. सगळे लोक पुढच्याकडे पाहत होते. तो एकटा मागच्याकडे पाहत होता, त्याच्या फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या गालांकडे.

"ऐकतोयस ना?" आबांनी विचारले.

"आत्ता ऐकू येतंय, आबा."

तात्पर्य : आपली पाळी आली म्हणून मागे बसलेल्याचा श्वास विसरू नये, आपले गाणे त्याच्याच दमावर उभे असते.