द्वारकानं सोडलेला चहा

"चहानं कूस आटते का, माय?"

द्वारकानं विचारलं तेव्हा मठाबाहेर धुकं उतरलं होतं. दरी दिसत नव्हती, पलीकडचं तिचं गावही दिसत नव्हतं. आपण चालत आलो की धुक्यानंच आणून सोडलं, हे तिला कळेनासं झालं होतं.

प्रश्न होता मठात औषध देणाऱ्या सोनामायला. उत्तर दिलं ते शेजारी बसलेल्या नीळकंठानं.

नीळकंठ हा मायचा सगळ्यात हुशार शिष्य. वैद्यकीचे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. मूल होत नाही म्हणून द्वारका उन्हाळ्यात आली, तेव्हा त्यानंच तिचा चहा बंद केला होता. चहा उष्ण, त्यानं गर्भ धरत नाही, असं त्याचं म्हणणं. आजही त्यानं तेच सांगितलं. वर विचारलं, चोरून तर घेत नाहीस ना?

द्वारका म्हणाली, थेंबसुद्धा नाही. सासूनं तिचा कप माळ्यावर टाकून दिला होता. तरी दिवस गेले नाहीत. आता सासू मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलू लागली होती.

"आणि भैरू? तुझा नवरा काय म्हणतो?" सोनामायनं विचारलं.



द्वारका हळूहळू सांगू लागली. घर माणसांनी भरलेलं, दिवसभर दोघांना बोलायला मिळायचं नाही. पण भल्या पहाटे, बाकीचे उठायच्या आधी, ती दोघं मागच्या पायरीवर चहा घेत बसायची. भैरू तिला रात्री पडलेलं स्वप्न सांगायचा. कधी तो नदीवरून चालत गेलेला असायचा, कधी मेलेल्या बैलाशी बोललेला. ती तोंडाला पदर लावून हसायची. चहा बंद झाला तशी ती पायरीवर जायचीही थांबली. तो एकटाच घोटभर पिऊन रानात जातो.

"आता ते काय म्हणतात, मला ठाऊक नाही."

सोनामाय उठली. चुलीवर आधण ठेवलं, आलं ठेचून टाकलं. वाफ दारातून बाहेर गेली आणि धुक्यात मिसळली. कुठली वाफ, कुठलं धुकं, सांगता येईना.

भरलेला कप तिनं द्वारकाच्या हातात दिला. जेवणावर चहा घेऊ नकोस म्हणाली, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं. सकाळी एखादा कप खुशाल घे. आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जा, पण एकटी नको, भैरूला घेऊन.

द्वारकानं डोळे मिटून घोट घेतला. नंतर ती उठली, मायच्या पाया पडली आणि निघाली. दिसेनाशी झाली तरी तिच्या जोडव्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

नीळकंठाला राहवेना.

"माय, मी ग्रंथात आहे तेच सांगितलं होतं. काय चुकलं माझं?"

सोनामाय धुक्याकडे बघत होती...

"तू तिला चहा सोडायला सांगितलास, नीळकंठा. तिनं काय सोडलं?"