ताटाच्या बाजूनं काढलेलं चित्र

एका गावात एकदा एक बातमी अर्धीच पिठाच्या गिरणीत येऊन पोचली. "अगं, त्या म्हाताऱ्या चित्रकारानं शिष्याच्या आईचं चित्र उचललं आणि थेट चुलीत..." एवढं बोलणं झालं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचे शब्द घरघरीत गेले.

ऐकणाऱ्या काकूंना तेवढंच पुरेसं झालं. शिष्य त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. त्याची आई जाऊन बरीच वर्षं लोटली होती आणि त्या माउलीचा एकही फोटो कधी कुणी काढला नव्हता. पोरानं आठवून आठवून तिचं चित्र रंगवलं होतं. सोनेरी उजेड, धुक्यासारखा तरंगणारा धूर, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी आणि चुलीपुढे बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर मंद हसू. मोबाइलवरून ते चित्र गावोगाव फिरलं. बघणाऱ्यांनी खाली लिहिलं, 'गेले ते दिवस.' हमरस्त्यावर चुलीवरच्या जेवणाचं हॉटेल काढणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तर ते दर्शनी भिंतीसाठी मागूनच ठेवलं होतं. पोराचं विकलं जाणारं पहिलंच चित्र, आणि तेच चुलीत?

काकूंनी डबा गिरणीतच सोडला आणि तडक चित्रकाराचं घर गाठलं.

दार लोटून आत शिरल्या तर धुरानं काही दिसेना. जरा वेळानं दिसलं ते असं: शिष्य चुलीपुढे उकिडवा बसून फुंकणी फुंकतोय, डोळे लालभडक, नाकातून पाणी. सरपण ओल्या बाभळीचं. समोर पाटावर वृद्ध चित्रकार ताट घेऊन निवांत बसलेले. आणि चित्र चुलीशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"या बाई, बसा जेवायला," म्हातारबा म्हणाले. "आज आमचे चिरंजीव सुगरण झालेत."

"अहो, पोर गुदमरेल की! खिडकी तरी उघडा."

"त्याच्या आईच्या स्वयंपाकघराला होती का खिडकी?"

काकूंना आठवलं. खरंच नव्हती. भिंतीपलीकडून रोज पहाटे त्या माउलीचा खोकला यायचा, आणि त्या आवाजानंच काकूंना जाग यायची.

शिष्यानं ताटात भाकरी टाकली. एका बाजूनं करपलेली, आकार तर विचारूच नये. गुरुजींनी घास मोडला. "वा! चुलीवरच्या भाकरीची चवच न्यारी. दुसरी टाक. गरम हवी हं."

शिष्य उसळला. "गुरुजी, तुम्हांला चव सुचतेय? इथं माझा जीव चाललाय!"

गुरुजींनी ताट बाजूला सारलं, उठून दार सताड उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "हेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. बाळ, तुझं प्रेम खोटं नाही, तुझी आठवणही खोटी नाही. पण माणूस जिथं बसलेला असतो, तिथूनच त्याला आठवतं. तू ताटापुढे बसायचास. तुला गरम भाकरी दिसायची, ती वाढणारा हात दिसायचा. म्हणून तुझं चित्र ताटाच्या बाजूनं काढलेलं आहे. हल्ली जिकडे पाहावं तिकडे अशीच चित्रं असतात. जुनी घरं, जुने दिवस, सगळ्यांवर सोनेरी ऊन. त्यांची ओढ लागावी, यात पाप नाही. मात्र ज्यांनी ते दिवस पेलले, त्यांच्या जागी घडीभर बसावं आणि मग रंग कालवावेत. नाहीतर आपण आई काढायला बसतो आणि भाकरीच काढून उठतो."

शिष्यानं चित्राकडे पाहिलं. मग काकूंकडे वळून म्हणाला, "काकू, आई चुलीपुढे हसायची का हो?"

काकूंना खोटं बोलवेना. "हसायची रे, पण भाकऱ्या झाल्यावर. दारात यायची, पदरानं डोळे पुसायची, मोकळा श्वास घ्यायची आणि मग माझ्याशी बोलताना हसायची. चुलीपुढे नाही."

शिष्यानं चित्र उचललं. चुलीकडचा एक कोपरा आचेनं करपला होता, त्याकडे त्यानं पाहिलंही नाही. उजेड तसाच ठेवला, भाकरी तशीच ठेवली. ओठांवरचं हसू पुसलं, डोळे लाल केले आणि आईची मान दाराकडे वळवली.

दोन दिवसांनी व्यापारी चित्र न्यायला आला आणि कपाळाला हात लावून बसला. "अरे, हे काय करून ठेवलंस? माझ्याकडे लोक हौसेनं फुंकणी हातात धरून फोटो काढतात. खरा स्वयंपाक मागं गॅसवर होतो. या रडक्या बाईखाली बसून जेवेल कोण? ते हसू परत घाल, आत्ता घेऊन जातो."

"शेट, तिचं हसू होतं, पण ते दारातलं," शिष्य म्हणाला. "चुलीपुढचं नव्हतं."

व्यापारी रिकाम्या हातानं गेला. शिष्यानं चित्र घरी नेलं आणि आपण जेवायला बसतो त्या जागेच्या बरोबर समोर टांगलं.

काकू राहिलेला डबा आणायला गिरणीत गेल्या, तेव्हा बायकांनी घेरलंच. "काय हो, चित्र जाळलं म्हणे म्हाताऱ्यानं?"

"एक कोपरा करपला," डबा कमरेवर घेत काकू म्हणाल्या, "आणि हसू गेलं. बाई मात्र शाबूत आहे. उलट आता कुठं ती ओळखू येते."