आधी पाणी, मग अग्नी

एका राज्यात एक डोंगर होता. त्याच्या एका अंगाला पाण्याची गुहा होती आणि दुसऱ्या अंगाला अग्नीची. राज्याचं नाव कशाला विचारायचं? नाव घेतलं की तिथली थंडी अंगात शिरते.

त्या राज्यात काळताप नावाचा रोग होता. तो चढला की माणूस ओठातल्या ओठात पुटपुटत निजे, आणि पुष्कळदा उठतच नसे. औषध एकच. पाण्याच्या गुहेतल्या झऱ्याचं पाणी आणायचं, अग्नीच्या गुहेतल्या निखाऱ्यांवर उकळायचं आणि रोग्याला पाजायचं. दुसरं पाणी चालत नसे, दुसरा विस्तव चालत नसे. झराही असा बारीक, की घागर भरायला अख्खा दिवस जाई.

त्यातून दोन्ही गुहा एकलकोंड्या. पाण्याच्या गुहेत एका वेळी दोघे शिरले तर पाण्याचं विष होई. अग्नीच्या गुहेत दोघे शिरले तर अग्नी दोघांनाही गिळी. म्हणून कपर्दी नावाच्या मांत्रिकाने फार पूर्वी दोन्ही दारांशी एकेक खुंटी ठोकली, एकेका खुंटीवर एकेक काशाचं कडं टांगलं आणि नियम घालून दिला. कडं घ्यावं, आत जावं, काम करावं, कडं परत टांगावं. पाण्याचं कडं मात्र औषध होईपर्यंत हातात ठेवावं, नाहीतर घागर रिकामी. खुंटीवर कडं नसेल तर दाराशी बसावं. बसला की माणसाचा दगड होई. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. त्या दगडाला भूक नव्हती, तहान नव्हती, वय नव्हतं. आधीच्या माणसाचं कडं खुंटीवर परत वाजलं, की रांगेतला पहिला दगड डोळे उघडी, अंगावरची धूळ झटकी आणि कडं उचली. बाकीचे तसेच बसून राहत आणि रात्रीतून एकेक जागा पुढे सरकत.

आणि शेवटचा नियम असा : आधी पाणी, मग अग्नी. घाई कितीही असो. का, ते कपर्दीने सांगितलं नाही, लोकांनी विचारलं नाही. थोरांनी सांगायचं, धाकट्यांनी पाळायचं, असं चाललं होतं.

त्या राज्याचा राजा अरिंजय. त्याला दोन मुलगे, थोरला समरसेन आणि धाकटा नीलध्वज, आणि शेंडेफळ म्हणून एक मुलगी, कुवलया. एके दिवशी कुवलयेला काळताप चढला. राजाच्या जिवाची घालमेल झाली, ते बरोबरच होतं. पण घालमेल झालेल्या माणसाने तोंड मिटून बसावं. राजा भर सभेत म्हणाला, "जो आधी औषध आणील, त्याची गादी!" प्रधान चपापले, पण आले राजाच्या मना, तेथे कोणाचे चालेना.

समरसेनाचा घोडा चपळ. तो आधी पोचला, त्याने पाण्याचं कडं घेतलं आणि घागर घेऊन आत गेला. नीलध्वज मागून धावत आला. धावताना त्याची एक वहाण चिखलात राहिली, ती घ्यायलाही तो थांबला नाही. त्याला गादी नको होती, त्याला बहीण हवी होती. दुरूनच त्याने पाहिलं, की पाण्याची खुंटी रिकामी आहे. तो मनाशी म्हणाला, "दिवसभर दगड होऊन काय बसायचं? तोवर अग्नीचं कडं घेऊन ठेवतो. दादा बाहेर आला की पाणी घेईन, तेवढाच वेळ वाचेल." असं म्हणून तो डोंगराला वळसा घालून गेला, अग्नीचं कडं मुठीत घेतलं, परत येऊन पाण्याच्या दाराशी बसला आणि दगड झाला.

संध्याकाळी समरसेन बाहेर आला. दाराशी एक दगड बसलेला होता. शेल्याखाली त्याच्या मुठीत कडं होतं. पण समरसेनाचे डोळे घागरीवर होते, पाणी सांडू नये म्हणून. सख्ख्या भावाला ओलांडून तो अग्नीच्या दाराशी गेला. तिथली खुंटी रिकामी. तो बसला, आणि त्याचाही दगड झाला.

आता एकाला जे हवं ते दुसऱ्याच्या हातात, आणि दुसऱ्याला जे हवं ते पहिल्याच्या. दोघेही झोपलेले. कडं वाजवणार कोण?

इकडे कुवलयेचा ताप आपोआप उतरला. तिने डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर "माझे दादा कुठे आहेत?"

वर्षं गेली. ज्याच्या घरी ताप येई तो डोंगर चढे, पाण्याच्या दाराशी रांगेत बसे आणि दगड होई. रांग डोंगर उतरून नदीपर्यंत आली, नदी ओलांडून पलीकडच्या माळावर गेली. गावंच्या गावं ओस पडली. घरात रोगी मरत होते आणि डोंगरावर त्यांची माणसं बसली होती. राजा रोज सज्जात उभा राहून त्या रांगेकडे पाही. कुवलया मोठी झाली. आपल्या एका तापापायी हे सारं झालं, हा सल तिच्या घशाखाली घास उतरू देत नव्हता.

एके दिवशी ती माळावर रांगेच्या टोकाशी उभी राहून रडत होती. तिथल्या दगडावर एक टिटवी बसली होती. टिटवी म्हणाली, "रडून दगड भिजतात, उठत नाहीत. ज्याने कडी टांगली त्याला विचार."

"तो कुठे भेटेल?"

"आटलेल्या तळ्याच्या तळाशी. मी वाट दाखवते."

टिटवी पुढे आणि कुवलया मागे, अशा त्या आटलेल्या तळ्याशी आल्या. तळाशी एक दगडी झोपडी होती. दार बंद होतं. टिटवी म्हणाली, "हे पहिलं काम. हाक मारायची नाही, दार ठोकायचं नाही. वाट पाहायची." कुवलया उंबऱ्याशी बसली. ऊन झालं, पाऊस झाला, पायांवर मुंग्यांनी वाट केली. शेवटी कपर्दी बाहेर आला. त्याच्या जटा जमिनीवर लोळत होत्या.

"वाट पाहता येते," तो म्हणाला. "आता माझ्या विहिरीचं पाणी आण. हे दुसरं काम."

विहिरीवर दोन जावा बसल्या होत्या. थोरलीच्या हातात दोर, धाकटीच्या हातात पोहरा. किती काळ बसल्या होत्या कोण जाणे, पण दोघींच्या पदरांतून गवत उगवलं होतं.

"बाई, जरा दोर द्याल का?" कुवलयेने विचारलं.

"तिने पोहरा दिला की देते," थोरली म्हणाली.

"आधी तिने दोर द्यावा. दर वेळी मीच का?" धाकटी म्हणाली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशातल्या त्या दोघी.

कुवलयेने पाहिलं. धाकटीच्या मांडीवर पोर होतं, त्याचे ओठ फुटले होते. थोरलीच्या मागे वासरू होतं, तेही जिभेने जमीन चाटत होतं. ती थोरलीपुढे बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही सोडा."

"मीच का?"

"कोणीतरी सोडल्याशिवाय पाणी वर येणार नाही. आणि तिचं पोर आहे."

थोरलीने दोर टाकला. धाकटीने पाणी काढलं, पोराला पाजलं, कुवलयेची कळशी भरली. थोरलीची पाळी आली तोवर वासराने मान टाकली होती. थोरली म्हणाली, "पोरी, तुझं ऐकलं आणि माझं वासरू गेलं." कुवलया खाली मान घालून कळशी घेऊन आली.

कपर्दीने पाणी पाहिलं आणि तिचं तोंडही पाहिलं. "समजलं का?"

"समजलं. पण तुम्ही दुसरं कडं घडवा ना. दोन कडी असली की सगळे सुटतील."

"कडी दोन होतील, झरा एकच राहील. दोघे आत शिरतील आणि सगळं राज्य विष पिईल."

"मग तिसरं काम सांगा."

"ते तुझ्या घरीच आहे. दोघा भावांपैकी एकाला 'सोड' म्हण. ज्या बहिणीसाठी ते गेले, तिचा शब्द ते दगडातूनही ऐकतील. जो सोडील त्याची मूठ उघडेल, पण त्याने केलेलं सगळं पुसलं जाईल. त्याला रांगेच्या शेवटी बसावं लागेल. पाळी आल्याशिवाय तो उठणार नाही."

"रांग तर नदीपलीकडे गेली आहे!"

"हो."

"तो उठेल तेव्हा मी असेन का?"

कपर्दी दाराकडे वळला. मग म्हणाला, "आधी पाणी, मग अग्नी, हे का ते मी सांगितलं नाही. वाटलं, कारण सांगितलं की लोक वाद घालतात. आता कळतं, कारण सांगितलं नाही की लोक विसरतात. तू सांगत जा." एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं.

कुवलया परत आली. डोंगराच्या पायथ्याशी राजा उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "समरसेन गादीचा वारस. नीलध्वज माझ्या काळजाचा तुकडा. मुली, मला विचारू नकोस."

"बाबा, मी विचारायला आले नाही. ताप मला आला होता."

ती पाण्याच्या दाराशी गेली आणि नीलध्वजासमोर बसली. त्याच्या एका पायात वहाण होती, दुसरा पाय उघडा. शेल्यात काहीतरी खोचलेलं होतं. तिने पाहिलं, ती तिचीच लहानपणची चांदीची वाटी. बहीण औषध कशातून पिईल, हे या एकाच भावाला सुचलं होतं. कुवलयेचं मन म्हणालं, याला उठव, थोरल्याला पाठव शेवटी, तो तर गादीसाठी धावला. पण थोरला नियमाने चालला होता. आज उलट जाणाऱ्याला उठवलं, तर उद्या जो तो हवं तिथून सुरुवात करील आणि सगळा डोंगर पुन्हा दगड होईल. हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त दुखत होतं.

तिने त्याच्या थंड मुठीवर हात ठेवला. "सोड, दादा."

मूठ उघडली. तिने कडं काढलं, अग्नीच्या खुंटीवर टांगलं. कडं वाजलं. समरसेनाने डोळे उघडले आणि आधी घागरीत डोकावलं. "पाणी सांडलं नाही ना?" मग त्याने बहिणीचं तोंड पाहिलं, अग्नीचं कडं उचललं आणि तो आत गेला. त्याने औषध केलं, अग्नीचं कडं टांगलं, पाण्याचं कडं टांगलं. रांगेतली एक बुरडीण उठली, धूळ झटकून कडं घेऊन आत गेली. बंद पडलेलं राज्य एका माणसाने पुढे सरकलं.

नीलध्वजाला न्यायला बैल जुंपले. लाकडी ओंडक्यांवरून तो दगड डोंगर उतरला. वाटेत टिटवी हळूच म्हणाली, "इथेच बसव की, बुरडिणीच्या जागेवर. कोण बघतंय?" कुवलयेने पाहिलं. त्या जागेमागे एक म्हातारा बसला होता, त्याच्या मुठीत नातवाचं टोपरं होतं. ती बैलांना म्हणाली, "चला." नदी ओलांडून, माळाच्या टोकाला, अगदी शेवटी तिने भावाला बसवलं.

पुढे अरिंजय गेला आणि समरसेन राजा झाला. चांगला राजा झाला, पण गादीवर बसताना त्याची मान कधी ताठ झाली नाही. कुवलया पाण्याच्या दाराशी राहिली. जो उठे त्याला ती नियम सांगे आणि कारणही सांगे. जो उठला तो औषध घेऊन घरी जाई. कुणाच्या घरी नवा रोगी असे, त्याचा जीव वाचे. कुणाच्या घरी ते प्यायला कोणी उरलेलं नसे. ती माणसं परत येऊन तिच्याशेजारी घडीभर बसत आणि निघून जात. रांग माळावरून नदीपाशी आली, नदीवरून पायथ्याशी आली. नव्याने ताप येई, त्याची माणसं नीलध्वजाच्या मागे बसत. कुवलयेचे केस पांढरे झाले, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं. लग्नाच्या मागण्या कधीच थांबल्या होत्या. कडं वाजलं की ती मान वर करी, एवढंच.

आणि एके दिवशी कडं वाजलं, तेव्हा एका पायात वहाण असलेला तरुण धूळ झटकत उठला.

"आजी, बाजूला व्हा! माझी बहीण तापाने फणफणली आहे."

कुवलया जागची हलली नाही. ती म्हणाली, "आधी पाणी, मग अग्नी."

"का?"

तिने कारण सांगितलं. त्याने शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं. आत जाऊन त्याने घागर भरली, अग्नीवर पाणी उकळलं, शेल्यातली वाटी काढून भरली आणि दोन्ही कडी जागच्या जागी टांगली. वाटीवर तळहात धरून तो लगबगीने उतारावर निघाला.

"वाटी इकडे दे, दादा."

तो थांबला. वळून त्याने त्या म्हातारीकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि त्याने वाटी तिच्या ओठांना लावली. तिला ताप नव्हता, कित्येक वर्षांत आला नव्हता. तरी तिने ते कडू औषध शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

"उतरला का गं ताप, कुवले?"

"आत्ता उतरला," ती म्हणाली.

दारात पुढचा माणूस उठून कडं उचलत होता. ती दोघं त्याला वाट देऊन बाजूला झाली, आणि एकमेकांच्या आधाराने डोंगर उतरू लागली.