पाटी आणा

डोंगराला टेकून एक गाव होतं, आणि गावाबाहेर दगडांची खाण. खाणीच्या कडेला तिथल्या कामकऱ्यांची वस्ती होती. आजा दगड वाही, बाप दगड वाही, आणि पोरगं चालायला लागलं की हातात मावेल तेवढा दगड घेऊन बापाच्या मागे निघे. मुलीला अकरावं वर्ष लागलं की येणाऱ्या दसऱ्याला तिची आई आपल्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळी आणि तिच्या डोक्यावर ठेवी. त्या दिवसापासून मुलगी ओझ्याला लागे. मग ती चुंबळ मरेपर्यंत उतरत नसे, आणि याचं वस्तीत कुणाला वाईटही वाटत नसे. जगणं असंच असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

या गावात त्र्यंबक गुरुजी शाळा काढायला आले. माणूस शिकवण्यात मोठा वाकबगार, पण राग नाकावर, आणि स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश. वर्षभर इथे काढायचं, पोरांना जरा वळण लावायचं आणि मग शहरातल्या मोठ्या शाळेत जायचं, असा त्यांचा बेत होता. पत्नी द्वारकाबाई बरोबर होत्या. गुरुजींना जे दिसत नसे ते बाईंना लगेच दिसे, आणि दिसलं की त्या बोलून मोकळ्या होत.

पहिल्याच संध्याकाळी गुरुजी वस्तीवर गेले आणि त्यांनी मुलांना गोळा केलं. "उद्या सकाळी सगळ्यांनी शाळेत यायचं. येताना पाटी आणायची. पाटी नसेल त्याला आत घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी एकोणीस मुलं शाळेच्या अंगणात रांगेनं हजर झाली. प्रत्येकाजवळ पाटी होती. कुणाची वेताची, कुणाची पत्र्याची, सगळ्या चिखलानं माखलेल्या. दगडमाती वाहायची ती पाटी, दुसरी पाटी त्या वस्तीत कुणी जन्मात पाहिली नव्हती.

गुरुजींना वाटलं, पोरं आपली थट्टा करताहेत. त्यांचा पारा चढला. "ही शाळा आहे, खाण नव्हे. चालते व्हा इथून." मुलं मुकाट्यानं वळली. कुणी हाकलणं त्यांना नवं नव्हतं. आपलं काय चुकलं, हे विचारायची मात्र त्यांना सवय नव्हती.

एक मुलगी तेवढी मागे राहिली. तिचं नाव साळू. तिची पाटी जमिनीवर होती आणि ती तिला एकटीला उचलवत नव्हती.

"गुरुजी, जरा उचलू लागता का?" ती म्हणाली.

गुरुजी तणतणत पुढे झाले आणि वाकले. पाटीत फडक्यावर सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

"हे काय?"

"माजा भाऊ हाय, नागू. तुमी पाटी आणा म्हनलासा. आमच्यात एकच पाटी हाय, आन् आई खाणीवर गेली की ह्यो त्यातच निजतो. मग ह्याला कुटं ठेवू?"

गुरुजींच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला. दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाईंना तर हसू आवरेना. त्या उंबऱ्यावर बसूनच हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, तुम्ही या मुलांना शब्द शिकवायला आलात आणि पहिल्याच शब्दाला नापास झालात."

गुरुजी मनातून खजील झाले. त्यांनी बाळासकट ती पाटी स्वतः उचलली आणि साळूच्या मागोमाग वस्तीवर गेले. सगळी मुलं जमल्यावर म्हणाले, "चूक माझी आहे. मी जे सांगितलं तेच तुम्ही केलंत. उद्या या, लिहायच्या पाट्या मी देतो." मोठ्या माणसानं पोरांची माफी मागितलेली वस्तीनं कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस मुलं आली.

पण आली म्हणजे शिकली असं थोडंच असतं. पंधरा दिवसांत गुरुजींचा राग पुन्हा नाकावर येऊन बसला. मुलं पेंगत, हातातल्या पेन्सिली गळून पडत. साळू तर फळ्यावरचं एक अक्षर धड सांगेना. नागू रडला की ती उठून बाहेर जाई, आणि अर्धा धडा तिथेच बुडे.

"आळशी आहे कार्टी," गुरुजी घरी येऊन म्हणाले. "मी किती घसा फोडायचा?"

"तिनं सकाळी काय खाल्लं, विचारलंत का?"

"ते माझं काम नव्हे. माझं काम शिकवायचं."

"सकाळचा चहा जरा उशिरा झाला तर तुम्ही घर डोक्यावर घेता," द्वारकाबाई म्हणाल्या. "ती पोरं कालच्या भाकरीवर पाढे म्हणताहेत." आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मागच्या पडवीत ज्वारीच्या कण्या शिजू लागल्या. जोंधळे कमी पडले तेव्हा गावातल्या बायकांनी घराघरातून ओंजळ ओंजळ दिले. गुरुजींनी आठवडाभर तोंड वाकडं केलं. मग मुलं पेंगायची थांबली, आणि गुरुजीही कण्या कधी होतात ते विचारू लागले.

शेजारच्या गावचे वैद्य एकदा मुलं तपासायला आले. त्यांनी साळूच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि गुरुजींनाच फैलावर घेतलं. खाणीची धूळ जाऊन जाऊन तिचे डोळे सुजले होते. तिला फळा दिसतच नव्हता. आपण महिनाभर जिला आळशी म्हटलं ती न दिसणारी अक्षरं अंदाजानं सांगत होती, हे कळल्यावर गुरुजींना फार वाईट वाटलं. रोज तिच्या डोळ्यांत औषध घालायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

राहता राहिला नागू. द्वारकाबाईंनी गुरुजींचं जुनं धोतर काढलं आणि वर्गाच्या तुळईला झोळी बांधली.

"ही शाळा आहे का पाळणाघर?"

"आजपासून दोन्ही."

मग गुरुजी एका हातात झोळीची दोरी धरून पाढे शिकवू लागले. बेचा पाढा सुरू झाला की नागू डोळे मिटी. तुमच्या शिकवण्याचा खरा गुण या एकालाच आला, असं द्वारकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

असा दसरा आला. साळूला अकरावं लागलं होतं. आता ती अडखळत का होईना, पण ओळच्या ओळ वाचत होती. त्याच आठवड्यात गुरुजींना शहरातल्या मोठ्या शाळेचं बोलावणं आलं. पत्र वाचून ते हरखले, आणि हरखल्याची त्यांना लाजही वाटली. पत्र खिशात घालून ते सणाच्या सकाळी साळूच्या घरी गेले. अंगणात साळू मान खाली घालून बसली होती आणि तिच्या आईच्या, भिमव्वाच्या, हातात नवी चुंबळ होती.

"भिमव्वा, थांबा. हिला शिकू द्या."

"शिकली की, गुरुजी," भिमव्वा म्हणाली. "तुमचं उपकार हायेत. पोरगी अंगानं भरली, डोळं बरं झालं. पर मला बी ह्याच वयाला माज्या आईनं चुंबळ दिली. आनखी एक वरीस शिकून काय येगळं हुनार?"

गुरुजींजवळ भाषणं पुष्कळ होती. एखादं ठोकून दिलं असतं तर भिमव्वानं ऐकूनही घेतलं असतं. पण तिच्याशी खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

"एका वर्षात काही होणार नाही," ते म्हणाले. "दहा वर्षं तरी लागतील."

भिमव्वानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. खाणीवर येणारा प्रत्येक मुकादम उद्या सगळं बदलेल असं सांगे आणि परवा दिसेनासा होई. दहा वर्षं म्हणणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"धा वर्सं तुमी हितं ऱ्हाल?"

गुरुजींचा हात खिशातल्या पत्रावर होता. शहरातली ती मोठी शाळा त्यांना क्षणभर डोळ्यांपुढे दिसली. "राहीन," ते म्हणाले.

"जेवन, औषिद, पोराची झोळी, समदं?"

"समदं," गुरुजी म्हणाले.

"मग घिऊन जावा तिला," भिमव्वा म्हणाली. तिनं चुंबळ उलगडली आणि ते फडकं नागूच्या अंगावर पांघरलं.

घरी येऊन गुरुजींनी पत्र द्वारकाबाईंच्या हातात दिलं आणि आपण काय कबूल करून आलो ते सांगितलं. बाईंनी त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. पानात श्रीखंड मात्र दुप्पट वाढलं.

दहा वर्षांची वीस झाली. सगळीच मुलं पुढे गेली असं नाही. काही खाणीवर राहिली. पण त्यांनी आपली पोरं स्वतः हाताला धरून शाळेत आणून सोडली. साळू जिल्ह्याच्या गावी जाऊन परिचारिका झाली आणि परत येऊन वस्तीचा दवाखाना चालवू लागली.

एका दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर म्हातारी भिमव्वा आणि म्हातारे गुरुजी गप्पा मारत बसले होते. साळूची सहा वर्षांची मुलगी, वेणू, आजीचे केस विंचरत होती.

"आजी, तुझ्या टाळूवर केसच नाहीत गं."

"वझं वाहून वाहून गेलं, बाय."

"मग हातात धरायचंस ना. डोक्यावर कशाला घ्यायचं?"

भिमव्वा सांगायला गेली आणि थांबली. नात चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"गुरुजी," भिमव्वा म्हणाली, "हिला चुंबळ ठावीच न्हाई की वो."

गुरुजींनी वेणूला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. जन्मभर त्यांनी मुलांच्या अज्ञानाचा राग केला होता, आज मात्र एका मुलीला एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही म्हणून ते आनंदले होते.

तात्पर्य: मुलाच्या हाती नुसती अक्षरं देऊन भागत नाही, त्याची भूक, त्याचं दुखणं आणि त्याच्या घरची अडचण जो आपली मानतो आणि मधेच सोडून जात नाही, त्याच्याच शिकवण्यानं पिढ्यांचं दारिद्र्य संपतं.